निमकी, पाउणकी, सवायकी

पुतण्याच्या वहीच्या मागच्या पानावर तीन आकडे लिहिलेले होते: ०.५, ०.७५, १.२५. आकड्यांपुढे बाण, बाणांपुढे गुणाकार, काही खोडलेले, काही पुन्हा केलेले. दहावीची परीक्षा संपलेला मुलगा मे महिन्याच्या दुपारी, मुक्ताईनगरच्या उन्हात, कूलरसमोर बसून आपण होऊन गणिते करतो आहे, हे पाहून मी थबकलो. विचारले तर म्हणाला, "काका, अभ्यास नाहीये हा. गेम आहे. ही तीन मशीनं आहेत. पहिलं अर्ध्या वेगानं चालतं, दुसरं पाऊण, तिसरं सव्वा."

आई शेजारी खाटेवर बसून गहू निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "निमकी, पाउणकी, सवायकी."

त्या तीन शब्दांनी माझा पुढचा आठवडा खाल्ला. मी त्या खेळाकडे खेळ म्हणून पाहायला बसलो होतो, आणि पाहता पाहता तो मला मोजमापांचे एक मोठे संग्रहालय वाटू लागला. त्यातली निम्मी मापे आमच्या घरात, शेतात आणि नदीवर आधीपासूनच होती.

ज्यांनी हे पाढे म्हटलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाउणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा. त्यापुढे अडीचकी आणि साडेतीनची औटकी. आई शाळेत गेली तेव्हा गावाचे नाव एदलाबाद होते, रुपयाचे सोळा आणे होते आणि शेराच्या सोळा छटाका. सोळा हा आकडा निम्मा करत गेले की आठ, चार, दोन, एक असा उतरतो, कुठेही अडत नाही. म्हणून बाजारातला सगळा हिशोब पाव-निम-पाऊण-सव्वा याच पायऱ्यांनी चाले आणि मुलांकडून तेच घोकून घेत. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपया शंभर पैशांचा झाला, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि हे पाढे हळूहळू शाळेतून निघून गेले. आईच्या जिभेवर मात्र राहिले.

आता ती तीन मशीने पाहा. अर्धा म्हणजे दोन पाव, पाऊण म्हणजे तीन पाव, सव्वा म्हणजे पाच पाव. म्हणजे वेगांचे प्रमाण २ : ३ : ५. निमकीची जुनी पाच मशीने काढून सवायकीची नवी दोन बसवली तर काम तेवढेच होते. सवायकीत चौथ्या पायरीला नेमके पाच येतात, म्हणजे सव्वाची चार मशीने एका पूर्ण वेगाच्या पाच मशीनांएवढी. पुतण्या हे कॅल्क्युलेटरवर करत होता. आई नुसती पाढ्यात उतरत होती.

खेळाचे नाव फॅक्टोरिओ. चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत, प्रागमध्ये, वुबे सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीने तो बनवला. अनेक वर्षे तो घडत-घडतच लोकांच्या हातात होता, आणि १४ ऑगस्ट २०२० ला त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. एका परक्या ग्रहावर तुमचे यान कोसळते. हाताने दगड आणि लोखंडाचे खनिज खणण्यापासून सुरुवात करायची, मग भट्टी, मग वाफेचे इंजिन, मग माल वाहणारे सरकते पट्टे, आगगाड्या, तेलशुद्धी, आणि शेवटी अग्निबाण. कारखाना उभारत न्यायचा, एवढीच गोष्ट. पण दोन-चार तास खेळले की खेळाडूचा प्रश्नच बदलतो. "माझ्याकडे लोखंड किती आहे?" असे तो विचारीनासा होतो. "लोखंड सेकंदाला किती येते?" असे विचारू लागतो. गोदामात दहा हजार पत्रे पडलेले असले आणि येणारा ओघ आटलेला असला तर कारखाना मरणार. गोदाम रिकामे असले आणि ओघ नीट असला तर कारखाना जगणार.

या ओघासाठी आणि बाजारातल्या भावासाठी मराठीत एकच शब्द आहे: दर. "दर सेकंदाला पंधरा" यातला दर, आणि "आज केळीचा दर काय निघाला?" यातलाही दर. रावेर-मुक्ताईनगरच्या पट्ट्यात हा दुसरा प्रश्न रोज सकाळी विचारला जातो. क्विंटलमागे किती, हे त्याचे उत्तर. दोन राशी एकमेकींना बांधल्या की दर होतो, मग ती दुसरी राशी वेळ असो की वजन. त्या खेळातले जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे माप असाच दर आहे.

सुरुवात वेळेपासून करू, कारण त्या ग्रहावर सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत पक्के माप तेच आहे. त्याला टिक म्हणतात. खेळ एका सेकंदात साठ वेळा सगळ्या जगाची स्थिती नव्याने मांडतो: प्रत्येक पट्टा किंचित सरकतो, प्रत्येक यंत्र थोडे पुढे जाते. एक टिक म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, आणि टिकपेक्षा लहान काहीही त्या जगात घडत नाही. तिथला दिवस-रात्रीचा एक फेरा २५,००० टिकांचा, म्हणजे सात मिनिटांना जरासा कमी.

साठावा भाग म्हटल्यावर मला घटका आठवली. आपल्याकडे अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे, विपळ ०.४ सेकंदाचे. आता हे ०.४ सेकंद टिकांत मोजा: ६० गुणिले ०.४, बरोबर २४. घटकेत २४ मिनिटे, पळात २४ सेकंद, विपळात २४ टिक. ही शिडी इतकी सरळ उतरते की मला पहिल्यांदा आपलाच हिशोब चुकला असे वाटले. प्रागच्या लोकांनी टिक आणली ती बहुधा संगणकाच्या पडद्यावरून, कारण पडदे सेकंदाला साठदा चित्र बदलतात. आपल्या ज्योतिषांचा साठ आकाशाच्या गणितातून आला. पण दोन्हीकडे साठव्या भागाच्याही साठव्या भागापर्यंत उतरायची रीत एकच, म्हणून मधला २४ कायम राहतो.

त्या खेळात दातेरी चाक करायला दोन लोखंडी पत्रे आणि मूळ अर्धा सेकंद लागतो. सवायकीच्या मशीनात तेच काम अर्धा भागिले सव्वा, म्हणजे ०.४ सेकंदात होते. एका विपळाला एक दातेरी चाक. खनिजाचा पत्रा व्हायला साध्या दगडी भट्टीत ३.२ सेकंद लागतात, म्हणजे आठ विपळे, किंवा १९२ टिक. हा १९२ आईने ओळखला. जुन्या रुपयाच्या पै किती? सोळा आणे, आण्याच्या बारा पै, एकूण १९२. ज्या आकड्याला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा अशा पुष्कळांनी नि:शेष भाग जातो तो हिशोबाला सोयीचा पडतो, मग तो नाण्यांचा असो की भट्टीचा.

या टिकेबद्दलची एक गोष्ट मला अजून सोडत नाही. कारखाना फार मोठा झाला की साधा लॅपटॉप थकतो. सेकंदाला साठऐवजी चाळीसच टिक काढू शकतो. तेव्हा खेळ अडखळत नाही, काही गाळतही नाही. ते अख्खे जगच सावकाश चालू लागते. सूर्य सावकाश मावळतो, आगगाडी सावकाश धावते, पट्ट्यावरून सेकंदाला पंधराऐवजी दहाच नग जाताना आपल्याला दिसतात. पण त्या जगात राहणाऱ्याला यातले काहीही कळणार नाही, कारण त्याचे घड्याळही त्याच टिकांवर चालते. पट्ट्यावरून जाणारे नग आणि टिक यांचे प्रमाण तसूभरही बदललेले नसते. घटिकापात्राची तीच गत. तांब्याची वाटी, बुडाला बारीक छिद्र, पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि एका घटकेत बुडते. लग्नात अजूनही काही घरी मांडतात. ते पात्र वेळ मोजत नाही, छिद्रातून येणारा पाण्याचा दर मोजते, आणि त्या दरालाच आपण वेळ म्हणतो.

आता पट्टा. खेळातली जमीन चौकटींत विभागलेली आहे, आणि गाडीचा वेग ताशी किलोमीटरमध्ये दाखवताना खेळ एक चौकट एक मीटरची धरतो. सगळ्यांत साधा, पिवळा पट्टा एका टिकेला चौकटीचा बत्तिसावा भाग सरकतो. सेकंदाला साठ टिक, म्हणजे १.८७५ मीटर, भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा जरा पुढे. एका चौकटीत पट्ट्याच्या दोन ओळींत मिळून आठ नग मावतात. १.८७५ ला आठाने गुणा: पंधरा. "पिवळा पट्टा सेकंदाला पंधरा" हे वाक्य त्या खेळात आपल्याकडच्या "चार शेरांची पायली"सारखे पाठ असते. (लाल तीस, निळा पंचेचाळीस.) दगडी भट्टीला एका पत्र्याला ३.२ सेकंद, तर पूर्ण पट्टा भरायला भट्ट्या किती? पंधरा गुणिले ३.२, अठ्ठेचाळीस. चोवीसच्या दोन ओळी समोरासमोर. खेळणाऱ्या कोणालाही विचारा, हा आकडा तो झोपेतही सांगेल.

आणि इथे तो बत्तिसावा भाग पाहा. धान्य मापण्याची जुनी मापे आईला अजून ओळीने येतात: दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. मग दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. शेर ते निळवे म्हणजे अर्धा, पाव, आठवा, सोळावा. निळवे अजून एकदा निम्मे केले की पट्ट्याची एका टिकेतली चाल. दोनाने भागत राहण्याचे कारण दोन्हीकडे एकच: दोन सारखे भाग करायला तराजू लागत नाही, नुसती नजर पुरते. खेळात तर त्यासाठी वेगळे यंत्र आहे. पट्टा फोडणारे ते यंत्र येणारा माल एक डावीकडे, एक उजवीकडे असा वाटते. वेगळे काही सांगितले नाही तर ते फक्त निम्मे करत राहते.

मग तीन भाग कसे करायचे? पुतण्याने हे मला दाखवले आणि मी उठून उभा राहिलो. पट्टा दोनदा फोडून चार सारखे भाग करायचे. तीन भाग तिघांना द्यायचे. चौथा भाग वळवून परत सुरुवातीच्या पट्ट्यात सोडायचा. तो पुन्हा चार ठिकाणी वाटला जातो, त्याचा पुन्हा चौथा भाग परत येतो. प्रत्येकाला पाव, अधिक पावचा पाव, अधिक त्याचाही पाव, असे मिळत जाते, आणि या न संपणाऱ्या बेरजेचे उत्तर येते नेमके एक तृतीयांश. नुसते निम्मे करत राहणाऱ्या यंत्राने तिसरा हिस्सा काढून दाखवला. शेरभर जोंधळे तीन भावांत वाटायचे असतील आणि हाताशी फक्त चिपटे आणि निळवे असेल, तर हेच करता येईल: तिघांना एकेक चिपटे, उरलेल्या चिपट्याची पुन्हा चार निळवी, तिघांना एकेक, उरलेल्या निळव्याचे पुन्हा चार भाग. सहा-सात फेऱ्यांत मुठीत चार दाणे उरतील.

ऊर्जेकडे आलो तेव्हा खरी मौज सुरू झाली, कारण इथे खेळाने मापांना खरी नावे दिली आहेत: ज्यूल आणि वॅट. कोळशाच्या एका नगात ४ मेगाज्यूल. आपल्या वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे त्या खेळातला कोळशाचा एक तुकडा घरच्या मीटरवर एका युनिटाहून किंचित जास्त. हे कळल्याबरोबर पडद्यावरचे ते काळे ढेकूळ माझ्यासाठी खरे झाले. मग वाटले, याचे वजन किती असेल? ऊर्जा सांगितली की वजन लपत नाही. आपल्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या भारतीय कोळशात किलोमागे ढोबळमानाने १६ मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे हा तुकडा पाव किलोचा, मुठीत मावेल एवढा. नुसत्या ऊर्जेतून वजन असे बाहेर आले.

मुक्ताईनगरहून भुसावळकडे महामार्गाने गेले की दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. खेळाच्या भाषेत एका पिवळ्या पट्ट्यावरून सेकंदाला पंधरा तुकडे, प्रत्येकी चार मेगाज्यूल, म्हणजे साठ मेगावॅट. पाचशेच्या एका संचाला आठ पट्टे आणि वर थोडे. सेकंदाला ३१ किलो कोळसा. आता खरे पाहा. एका युनिटाला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा धरला तर पाचशे मेगावॅटचा संच पूर्ण भाराने तासाला साडेतीनशे टन खातो. सेकंदाला सत्त्याण्णव किलो. जवळजवळ क्विंटलभर, दर सेकंदाला. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत बैलगाडीभर कोळसा गेला. दिवसाला सुमारे ८,४०० टन, म्हणजे मालगाडीचे दोन रेक आणि वर पाव.

३१ आणि ९७ यांतला फरक खेळाची चूक नाही. खेळातला बॉयलर आणि इंजिन काहीच वाया घालवत नाहीत, कोळशातली सगळी उष्णता विजेत उतरते. खऱ्या जगात तसे होऊच शकत नाही. वाफेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला काही उष्णता थंड बाजूला सोडून द्यावीच लागते, हा निसर्गाचा नियम आहे. दीपनगरच्या थोरल्या शीतन मनोऱ्यांतून जो पांढरा ढग उठतो, त्यात ती उष्णता जाते. जळलेल्या कोळशातली जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता विजेत न उतरता आभाळात विरते. लहानपणापासून तो ढग पाहत आलो, पण त्याचे माप मला एका खेळामुळे मिळाले.

वाफेचे एक इंजिन ९०० किलोवॅटचे. शेतातली पाच एचपीची मोटार ३.७ किलोवॅटची, म्हणजे त्या एका इंजिनावर सुमारे २४० मोटारी चालतील. एका गावाच्या विहिरी! सौर पट्टीचा हिशोब तर आणखी थक्क करणारा. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, आणि भर दुपारी ६० किलोवॅट. आपल्याकडे मे महिन्याच्या भर बारा वाजता एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट ऊन पडते. नऊ चौरस मीटरवर नऊ. ते सगळेच्या सगळे विजेत बदलले असे धरले तरी त्या ग्रहाचा सूर्य खानदेशाच्या उन्हाळ्यापेक्षा सहापटीहून जास्त तापणारा निघतो. तिथे घोटभर पाणीही कसे टिकते, हे मला विचारू नका.

स्वीडनमधल्या कॉफी स्टेन स्टुडिओचा सॅटिस्फॅक्टरी नावाचा याच जातीचा दुसरा खेळ सेकंदांऐवजी मिनिटांत मोजतो. त्याचा पहिला पट्टा मिनिटाला साठ नग वाहतो. तिथला कोळशावरचा जनित्रसंच ७५ मेगावॅटचा, आणि तो मिनिटाला फक्त पंधरा कोळसे खातो. कारण तिथल्या एका कोळशात ३०० मेगाज्यूल आहेत. आपल्या मापाने १९ किलोच्या आसपास. एका खेळात कोळसा म्हणजे मूठभर, दुसऱ्यात घमेलेभर, आणि दोघांचे चित्र साधारण सारखेच. माप नसते तर हा फरक कधी कळलाच नसता.

पाण्यापाशी मात्र फॅक्टोरिओ गप्प होतो. पंप सेकंदाला १,२०० पाणी ओढतो. १,२०० काय? लिटर? बादल्या? नाव नाही. नुसते "पाणी". पण पुन्हा ऊर्जा फितूर होते. इंजिन सेकंदाला ३० "वाफ" घेते आणि ९०० किलोवॅट देते, म्हणजे एका वाफेत ३० किलोज्यूल. पंधरा अंशांचे पाणी खेळातल्याप्रमाणे १६५ अंशांची वाफ करायला खऱ्या जगात किलोला सुमारे २,७०० किलोज्यूल लागतात. भागाकार केला तर एक "वाफ" निघते अकरा ग्रॅमची. चहाचे दोन चमचे पाणी! मी खूश झालो आणि मग पुतण्याने तेलाचे पिंप दाखवले. एका पिंपात ५० मावते. तेलाच्या बाजारातले एक बॅरल १५९ लिटरचे. त्या हिशोबाने एक नग तीन लिटरांहून मोठा. अकरा ग्रॅम की तीन लिटर? दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. निनावी मापाला वजन विचारले की ते असे दर वेळी वेगळे सांगते. पण कारखाना चालायला नाव लागतच नाही. आत किती, बाहेर किती, आणि किती वेळात, एवढे जुळले की पुरे.

हे मला नवे वाटायला नको होते. हतनूरचे धरण आमच्यापासून जवळ, भुसावळ तालुक्यात. तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेवला होतो, त्याच्या खालच्या अंगाला हे धरण आहे आणि फुगवट्याचे पाणी मागे संगमापर्यंत पसरते. त्याला एक्केचाळीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात वर सातपुड्यात आणि विदर्भात पाऊस झाला की गावोगाव आकडा फिरतो: इतके दरवाजे उघडले, इतके क्यूसेक सोडले. ज्याने शाळेत घनफूट नीट शिकले नाही तोही क्यूसेक बरोबर समजतो. चाळीस हजार म्हणजे लक्ष ठेवा, लाख म्हणजे नदीकाठची गुरे हलवा. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटर, दोन घागरी भरतील एवढे.

धरणात किती पाणी आहे ते मात्र दलघमीत सांगतात, दशलक्ष घनमीटर. साठा एका मापात, ओघ दुसऱ्या मापात, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच बातमीत शेजारी बसूनही एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना बोलते करून पाहा. हतनूरचा उपयुक्त साठा सुमारे २५५ दलघमी, म्हणजे नऊ टीएमसी, नऊ अब्ज घनफूट. एक लाख क्यूसेकने सोडले तर? नऊ अब्ज भागिले एक लाख, नव्वद हजार सेकंद. पंचवीस तास. पुराच्या दिवसांत अख्खे धरण भरेल एवढे पाणी एका अहोरात्रात आणि वर एका तासात त्या दरवाजांखालून निघून जाते, आणि धरण तरीही भरलेलेच असते, कारण मागून तेवढेच येत असते. पुतण्या हे ऐकून लगेच म्हणाला, "म्हणजे धरण टाकी नाहीये काका, पट्टा आहे." पावसाळ्यापुरते ते अगदी खरे आहे. उन्हाळ्यात ते पुन्हा टाकी होते.

कच्चा माल घालावा आणि पक्का किती निघेल ते मोजावे, यासाठी खेळात प्रत्येक वस्तूची कृती दिलेली असते. दोन पत्र्यांचे एक चाक, न कमी न जास्त. आमच्याकडे त्याला उतारा म्हणतात आणि तो कधीच इतका आज्ञाधारक नसतो. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणून पाच क्विंटल कापसाची एक गाठ, १७० किलोची. पण रुईचा भाव गाठीवर बोलत नाहीत, खंडीवर बोलतात, आणि ही खंडी ३५६ किलोची, ७८४ पौंडांची. धान्याची वीस मणांची खंडी निराळी. ऊस तालुक्यातल्या घोडसगावच्या कारखान्यात जातो. साखर कारखान्याची ताकद मुळातच दरात सांगतात, रोज किती टन गाळप. अडीच हजार टनांचा कारखाना सेकंदाला एकोणतीस किलो ऊस पितो आणि दहा टक्के उतारा मिळाला तर तीन किलोंना थोडी कमी साखर देतो. केळीत तर शेतकरी जमीन एकरांत सांगायच्या आधी खोडांत सांगतो: पाच हजार खोडं आहेत. आणि घडाचे सरासरी वजन म्हणजे रास. खोडे गुणिले रास, एवढ्यात वर्षाचा हिशोब बसतो. यंत्रांची संख्या गुणिले यंत्राचा दर.

शेवटच्या रात्री मी पुतण्याला लीलावतीतले एक गणित घातले. भास्कराचार्यांनी हा ग्रंथ ११५० मध्ये रचला. याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणे गावी, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याविषयीचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख तिथे आहे. (हा ज्योतिषी चांगदेव वेगळा, मुक्ताईचा चांगदेव वेगळा.) लीलावती सुरू होते ती मापांच्या यादीने: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, आठ जवांचे बोट, चोवीस बोटांचा हात, हातभर लांब-रुंद-उंच पेटीत मावेल ती खारी. सगळे सांगून झाल्यावर भास्कराचार्य काळाची मापे सोडून देतात, ती लोकांत प्रसिद्धच आहेत म्हणून. कोणताही नवा खेळ असाच सुरू होतो: आधी एककांची ओळख, मग गणित.

गणित असे. एका कुंडाला चार झरे आहेत. पहिला एकटा सुटला तर कुंड एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा एक तृतीयांश दिवसात, चौथा एक षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर कुंड किती वेळात भरेल?

मी लहानपणी या जातीच्या गणितात हमखास वेळांची बेरीज करून फसायचो. पुतण्याने वेळांकडे पाहिलेच नाही. पहिला दिवसाला एक कुंड, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. तो बोटांवर म्हणाला, "एक, दोन, तीन, सहा. दिवसाला बारा कुंडं. म्हणजे दिवसाचा बारावा भाग."

लाईट गेली होती. आई अंगणात खाटेवर पडली होती, जागी होती.

"पाच घटका," ती म्हणाली.